अल्टरनेटर घरी काढा, दुरुस्ती तालुक्यात ठेवा

विहिरीवरची मोटार जळाली की शिंदखेडा तालुक्यातला शेतकरी कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसत नाही. घरातले दोघे आणि शेजारच्या शेतातला एक जण मिळून दोर आणि चेनकप्पी लावतात. पाइपाचा एकेक तुकडा सोडवत मोटार वर घेतात आणि मोटारसायकलवर बांधून दोंडाईचा, नरडाणा किंवा शिंदखेड्यातल्या वाइंडिंगच्या दुकानात टाकतात. कारागीर ती खोलतो, जळालेली तार काढून टाकतो, मोटार भरून देतो. शेतकरी ती पुन्हा विहिरीत सोडतो आणि पिकाला पाणी सुरू होते. काढणे-बसवणे मालकाने करायचे आणि आतले काम जाणकाराने, ही वाटणी कुठल्याही योजनेशिवाय वर्षानुवर्षे चालत आली आहे. मात्र त्याच शेतकऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, की तेच हात थबकतात. बॉनेट उघडणे हे आपले काम नाही, असे आपण स्वतःला पटवून दिले आहे. हे पटवून घेणे चुकीचे आहे आणि महागही पडते. विहिरीच्या मोटारीला लावलेली वाटणी गाडीच्या अल्टरनेटरलाही लावता येते आणि ती लावायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे, वीज तयार करणारे यंत्र. जुने मेकॅनिक त्याला आजही डायनॅमो म्हणतात, कारण पूर्वीच्या गाड्यांत खरोखरच डायनॅमो असायचा. १९६० मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट गाडीत सिलिकॉन डायोडचा अल्टरनेटर दिला आणि पुढे जगभरच्या गाड्यांत तोच रूढ झाला. गाडी सुरू करणे एवढेच बॅटरीचे मुख्य काम असते. एकदा इंजिन चालू झाले की दिवे, पंखा, वायपर, इंधनपंप, इंजिनाचा संगणक या सगळ्यांना वीज पुरवतो तो अल्टरनेटर, आणि वापरलेली बॅटरीही तोच भरून काढतो. तो बंद पडला की गाडी बॅटरीच्या शिलकीवर धावू लागते. साध्या हॅलोजनचे दोन हेडलाइट मिळूनच नऊ-दहा अँपिअर ओढतात. इतर खर्च वेगळा. छोट्या मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि ती पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी गाडी आचके देऊ लागते. धुळे ते शिंदखेडा हे अंतर पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरचे. रात्री धुळ्याहून निघताना लाल दिवा लागला तर घर गाठता येईल की मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला उभे राहावे लागेल, हे या हिशेबावर ठरते. हा हिशेब ठाऊक असलेला माणूस एसी आणि ब्लोअर बंद करतो, वाटेत इंजिन बंद करत नाही आणि जवळच्या उजेडाच्या ठिकाणी गाडी घेतो. ज्याला तो ठाऊक नाही, तो चहासाठी थांबतो आणि त्याची गाडी पुन्हा सुरू होत नाही. शहरात दर दोन चौकांमागे गॅरेज सापडते. इथे अधिकृत वर्कशॉप गाठायचे म्हणजे बहुधा धुळे गाठायचे आणि बंद पडलेली गाडी तिथवर ओढून नेण्याचा खर्च पार्टच्या आधीच खिशातून जातो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा ४३-४४ अंशांचा आणि धुळीचा. बॉनेटखाली डायोड आणि बेअरिंग यांना सगळ्यात जास्त छळतात त्या याच दोन गोष्टी.

घरी काम करण्याचा खरा फायदा पाना हातात घेण्याच्या आधीच सुरू होतो, तो निदानात. एक साधा मल्टिमीटर हवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर हा आकडा बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो १२ च्या घरातच राहिला आणि हेडलाइट लावताच आणखी खाली घसरत गेला, तर चार्जिंग होत नाही असे समजावे. तरीही दोष लगेच अल्टरनेटरवर टाकू नये. पट्टा सैल झालेला असू शकतो, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढलेला असू शकतो, इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची वायर गंजलेली असू शकते किंवा मोठा फ्यूज उडालेला असू शकतो. यातली कित्येक कामे घासकागद, ब्रश आणि पान्याने अर्ध्या तासात होतात. मालकाला एवढे तपासता येत असेल, तर नसलेल्या आजाराचे बिल त्याच्या माथी मारले जात नाही. उलट अर्धवट माहितीचा धोकाही इथेच दिसतो. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालते का बघा’ अशी परीक्षा घेण्याची पद्धत अजून अनेक गॅरेजांत आहे. डायनॅमोच्या काळात ती खपून गेली. आजच्या गाडीत बॅटरीचा आधार अचानक सुटला की क्षणभरात कित्येक पट व्होल्टेज उसळते. आत तसा बचाव नसेल, तर ते शंभर व्होल्टच्या घरात जाऊ शकते आणि हजारो रुपयांचा संगणक निकामी होतो. तेव्हा गावातल्या हातांना हे काम सोपवायचे, तर त्यांना नवे ज्ञानही द्यावे लागेल. माझ्या म्हणण्याचा तो गाभाच आहे.

प्रत्यक्ष काम किती अवघड आहे? अल्टरनेटर वरच्या बाजूला, हाताला येईल असा बसवलेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. इंजिन थंड, चावी बाहेर. पहिला पाना बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, बहुतेक गाड्यांत तो दहा नंबरचा लागतो. निगेटिव्ह आधी का, याला कारण आहे. गाडीची सारी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, पण निगेटिव्ह आधीच सुटलेले असेल तर काही होत नाही. मग पट्टा कुठल्या पुलीवरून कसा फिरला आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. ही एक गोष्ट विसरली की पुढचा तासभर डोके खाजवण्यात जातो. टेन्शनरचा बोल्ट सैल करून पट्टा उतरवायचा. अल्टरनेटरच्या मागे रबरी टोपीखाली जाड वायरचा नट असतो, तो सोडवायचा, शेजारचे कपलर खटका दाबून काढायचे. वायर ओढून कपलर काढू नये, पिना तुटतात. राहिले दोन किंवा तीन मोठे बोल्ट. ते सुटले की चार-सहा किलोचे ते यंत्र हातात येते. बसवताना हाच क्रम उलटा, आणि निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. नवा किंवा दुरुस्त केलेला अल्टरनेटर आणला असेल तर पुलीवरच्या खाचा, बोल्टची जागा, कपलरच्या पिना आणि अँपिअरचा आकडा जुन्याशी जुळवून पाहायचा. मग गाडी सुरू करून पुन्हा मीटर लावायचा. सबमर्सिबल वर काढण्यापेक्षा हे काम जड नाही आणि त्याहून जास्त धोक्याचेही नाही.

अल्टरनेटर हातात आला की वाटणीचा दुसरा भाग सुरू होतो, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. या यंत्रात झिजणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत. रोटरला वीज पोचवणारे दोन कार्बन ब्रश झिजून आखूड होतात. बेअरिंग धुळीने घरघरू लागतात. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर किंवा डायोडची प्लेट उष्णतेने जाते. तांब्याचे वाइंडिंग, लोखंडी गाभा आणि अ‍ॅल्युमिनियमचे कवच मात्र बहुधा धडधाकट असते. तालुक्यातला जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन हे टेबलावर खोलतो, ब्रश डाग देऊन बसवतो, बेअरिंग बदलतो, डायोड एकेक करून तपासतो. ब्रशची जोडी आणि बेअरिंगची किंमत नव्या अल्टरनेटरच्या मानाने किरकोळ असते. अधिकृत वर्कशॉपमध्ये सहसा असे होत नाही. तिथे पूर्ण अल्टरनेटर बदलला जातो, कारण त्यांची सारी कामाची पद्धत आणि मजुरीचा हिशेब पार्ट बदलण्यावर बेतलेला असतो. ज्याला वेळ नाही आणि पैसा आहे त्याने ती वाट जरूर धरावी. पण ती एकच वाट उरता कामा नये. दोन बोटांएवढ्या कार्बनसाठी किलोभर तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम भंगारात जावे, तालुक्यातला पैसा तालुक्याबाहेर जावा आणि कारागिराच्या हातातले कसब वापराविना गंजावे, हे तिहेरी नुकसान आहे. विहिरीची मोटार जळाली म्हणून दर वेळी नवी घ्यायची, असा नियम उद्या कोणी काढला तर आपण तो मान्य करू का?

हा प्रश्न एका तालुक्याचा नाही, याची नोंद देशाच्या पातळीवर झालेली आहे. जानेवारी २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना दोषी धरून मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावरची लढाई पुढे अपिलात आणि न्यायालयांत गेली. पण त्या आदेशातली तत्त्वे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. मूळ सुटे भाग बनवणाऱ्यांना ते खुल्या बाजारात विकू द्यावेत, स्वतंत्र गॅरेजांना माहिती आणि उपकरणे मिळावीत आणि बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे आयोगाने स्पष्ट सांगितले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर तिच्या कक्षेत मोटारी आणि शेतीची अवजारेही होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात याआधीच, २०१२ मध्ये, हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला होता आणि सुमारे ८६ टक्के मते दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने पडली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत मोटार उद्योगाने तिथल्या देशभरच्या गॅरेजांना माहिती देण्याचा करार केला. आपल्याकडे पोर्टल आहे, आदेश आहे, पण ग्राहकाला बोट ठेवून दाखवता येईल असा एका ओळीचा कायदेशीर हक्क अजून हवा आहे.

याला पहिला आक्षेप वॉरंटीचा. तो खरा आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे: वॉरंटी चालू असताना अल्टरनेटरला हात लावू नये, कारण तेव्हा तो कंपनीनेच फुकट बदलून द्यायचा असतो. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या वर्षांचा. आपल्या गावांतल्या गाड्या पाहा. त्यांतल्या कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या आहेत. त्यांची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे आणि मालकाला प्रत्येक हजार रुपयांचा विचार करावा लागतो. वॉरंटीतल्या गाडीबद्दलही एक भेद ध्यानात ठेवावा. बाहेरच्या चुकीच्या कामाने जे बिघडले, त्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा आयोगाच्या आदेशाचा रोख आहे. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य उच्चारता आले, तरी बोलण्याचा सूर बदलतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. काही गाड्यांत अल्टरनेटर खालच्या बाजूला असतो आणि गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. दगड-विटांचा आधार हा आधार नव्हे, वीट अचानक फुटते. लोखंडी स्टँड नसतील तर ते काम घरी करायचे नाही, इथे तडजोड नाही. चालू इंजिनाजवळ सैल बाही, ओढणी किंवा गमछा नको. हातातली अंगठी आणि कडे आधी काढून ठेवावे, कारण बॅटरीच्या दोन टोकांत धातू अडकला की तो काही सेकंदांत लालबुंद तापतो. पण धोका आहे म्हणून ज्ञान नको, हा तर्क मात्र मला मान्य नाही. फवारणीत धोका आहे, विजेच्या पंपात आहे, ट्रॅक्टरच्या पीटीओत तर जीवघेणा आहे. ही सगळी कामे शेतकरी करतोच. प्रश्न एवढाच असतो की तो ती शिकून करतो की अंदाजाने. घरी कोणी काही करू नये असे सांगून अंदाज थांबत नाही. शिकवले तर तो थांबतो.

तिसरा आक्षेप असा, की नव्या गाड्या आता घरगुती हातांच्या राहिलेल्या नाहीत. यात तथ्य आहे आणि ते मान्य करून मर्यादा आखून घ्यायला हवी. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर किती वीज बनवील हे इंजिनाचा संगणक ठरवतो. तिथे मीटरवर कधी १२.५ तर कधी १४.८ दिसणे हा दोष नसतो. सौम्य हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच स्टार्टरचेही काम करतो, ते प्रकरण प्रशिक्षिताकडेच द्यावे. विजेवरच्या गाडीत अल्टरनेटर नसतोच. तिथे तीनशे-चारशे व्होल्टच्या बॅटरीतून बारा व्होल्ट काढून देणारे उपकरण असते आणि नारिंगी रंगाच्या केबलला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा सगळी गाडी सगळ्यांनी खोलावी, असे मी म्हणत नाही. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या लाखो साध्या गाड्या, पिकअप आणि ट्रॅक्टर पुढची अनेक वर्षे याच जुन्या रचनेवर चालणार आहेत. आणि नव्या गाड्या जितक्या गुंतागुंतीच्या होतील, तितकी दुरुस्तीची माहिती खुली करण्याची गरज वाढेल. किचकटपणा हे माहिती लपवण्याचे कारण होऊ शकत नाही.

राहिले दोन आक्षेप, बनावट पार्टचा आणि कारागिराच्या पोटाचा. बनावट माल बाजारात आहे हे खरे, पण तो फोफावतो कारण अस्सल सुटा रेग्युलेटर किंवा ब्रशचा संच खुल्या दुकानात नावाने, नंबराने मिळत नाही. अल्टरनेटर बनवणाऱ्या कंपन्या आपल्याच देशात आहेत. चेन्नईची लुकास टीव्हीएस १९६१ पासून या धंद्यात आहे. त्यांचे आतले भाग नंबरासह तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचले, तर बनावट मालाची निम्मी गरज संपेल. ग्राहकानेही पक्के बिल मागण्याची सवय लावून घ्यावी. कारागिराच्या पोटाचे म्हणाल, तर मालकाने अल्टरनेटर काढून आणला म्हणून त्याचे काम जात नाही. विहिरीची मोटार शेतकरीच काढून आणतो, म्हणून वाइंडिंगचे दुकान बंद पडले नाही. उलट त्याचमुळे ते चालते, कारण कारागिराचा वेळ शेतावर जाण्यायेण्यात न जाता टेबलावरच्या कुशल कामात जातो. तालुक्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पोटावर पाय देते ती मालकाची उठाठेव नाही. न उघडता फेकून देण्याजोगा, जोडून बंद केलेला पार्ट तो पाय देतो.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. केंद्राने स्पर्धा आयोगाच्या २०१४ च्या तत्त्वांना कायद्याचे रूप द्यावे आणि त्यात मोटारींबरोबर ट्रॅक्टरचाही स्पष्ट उल्लेख असावा. कंपन्यांनी वॉरंटी संपलेल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका आणि पार्ट नंबर मराठीसह भारतीय भाषांत खुले करावेत. तालुक्यांतल्या आयटीआयनी रविवारी किंवा संध्याकाळी वाहनमालकांसाठी दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत. त्यात बॅटरी, पट्टा, अल्टरनेटर आणि जॅकची सुरक्षितता एवढेच शिकवावे. वर्गशुल्क नाममात्र ठेवावे आणि धुळ्याला एकटीने गाडी घेऊन जाणाऱ्या मुलींना आणि महिलांना आवर्जून बोलवावे. त्याच आयटीआयत गावोगावच्या मेकॅनिकांसाठी संगणकनियंत्रित चार्जिंगचा वेगळा वर्ग असावा, म्हणजे चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढण्याची ती जुनी परीक्षा कायमची बंद होईल.

यातले बरेच काही सरकार आणि कंपन्यांच्या हातात आहे, पण पहिली पायरी आपल्याच अंगणात आहे. या आठवड्यात एकदा, दिवे बंद आणि इंजिन चालू असताना, बॅटरीवर मीटर लावून पाहा. मग हेडलाइट लावून पुन्हा पाहा. दोन्ही आकडे तारीख टाकून सर्व्हिस बुकच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी त्याखाली नवे आकडे लिहीत जा. ज्या दिवशी आकडा पडू लागेल, त्या दिवशी लाल दिव्याची वाट पाहावी लागणार नाही. पाना कुठे लावायचा हेही तोवर ठाऊक झालेले असेल.